शशशृंग आणि केसगोळा : सशाच्या उदरविकाराविषयीच्या एका समजुतीचा इतिहास

१

भारतीय तर्कपरंपरेत अत्यंत असत् वस्तूचे उदाहरण म्हणून ‘शशशृंग’ अथवा ‘शशविषाण’ हा शब्द योजण्याचा प्रघात फार जुना आहे. आकाशपुष्प आणि वंध्यापुत्र यांच्या पंक्तीतच त्याला स्थान मिळाले आहे. तथापि नैयायिकांनी या शब्दाचे जे विवेचन केले, ते सामान्य समजुतीहून अधिक सूक्ष्म आहे. ससा हा पदार्थ जगात आहे. शिंग हाही पदार्थ जगात आहे आणि तो गाईच्या मस्तकावर प्रत्यक्ष दिसतो. नाही तो केवळ शिंगाचा सशाशी असलेला संबंध. भ्रांती वस्तूंच्या ठायी नसते, त्यांच्या जोडणीत असते, असा या विवेचनाचा इत्यर्थ आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषयही सशाशीच निगडित आहे. पाळलेला ससा एकाएकी खाणे सोडतो, त्याच्या लेंड्या बारीक होत जाऊन बंद पडतात, तो कोपऱ्यात अंग आखडून बसतो आणि पुष्कळदा एकदोन दिवसांत मरतो. मरणोत्तर तपासणीत त्याच्या जठरात केसांचा घट्ट गोळा सापडतो. यावरून केसांच्या गोळ्याने जठर तुंबले आणि त्यामुळे ससा मेला, असे अनुमान दीर्घकाळ केले गेले. जाणत्यांनीही ते मान्य केले. गोळा खरा होता, रोगही खरा होता. परंतु त्यांच्यातील कार्यकारणसंबंध बहुतांशी उलटा जोडला गेला होता. हा संबंध कसा जोडला गेला आणि कसा सुटला, याचा इतिहास केवळ पशुवैद्यकाचा नाही. प्राण्याच्या पोटात सापडणाऱ्या गोळ्याविषयी माणसाने जी नावे आणि ज्या समजुती निर्माण केल्या, त्यांच्याशी तो जोडलेला आहे; आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग कोकण व गोव्याच्या भूमीवर घडला आहे.

२

आरंभी ‘ससा’ या शब्दाचाच विचार करणे अवश्य आहे. संस्कृत ‘शश’, प्राकृत ‘सस’ आणि मराठी ‘ससा’ ही परंपरा सरळ आहे. इंग्रजीतील ‘हेअर’ आणि जर्मनमधील ‘हाझे’ हे शब्द याच मुळाचे दूरचे सोयरे मानले जातात. चंद्राला शशी व शशांक ही नावे ज्याच्यामुळे मिळाली, पंचतंत्रात ज्याने सिंहाला विहिरीत उडी घ्यावयास लावली, तो प्राणी म्हणजे भारतातील माळरानावरचा रानससा होय. तो बीळ खणत नाही. गवताच्या आडोशाला उघड्यावरच राहतो. त्याची पिले अंगावर केस घेऊन व डोळे उघडे ठेवूनच जन्मतात.

पनवेलच्या, खारघरच्या अथवा मुंबईच्या सदनिकेत पिंजऱ्यात दिसणारा पांढरा वा करडा ससा हा तो प्राणी नव्हे. त्याचे मूळ स्थान आयबेरियन द्वीपकल्प, म्हणजे आजचे स्पेन व पोर्तुगाल. तो बिळात राहणारा असून त्याची पिले उघडी व आंधळी जन्मतात. दोहोंच्या गुणसूत्रांची संख्याही भिन्न आहे : पाळीव सशाची ४४, तर रानसशाची ४८. पोर्तुगीज भाषेत या दोन प्राण्यांना ‘कोएल्यो’ आणि ‘लेब्रे’ अशी स्वतंत्र नावे आहेत. मराठीने मात्र दोघांना एकाच शब्दात सामावून घेतले. फारसीतून हिंदीत आलेला ‘खरगोश’, म्हणजे गाढवाच्या कानांचा, हाही शब्द असाच दोघांना पुरतो.

मुंबई इलाख्यात पाळीव सशाचे शास्त्रीय कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठळकपणे दिसते. १८९६ च्या प्लेगनंतर वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत सिद्ध केलेली प्रतिबंधक लस आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यापूर्वी १८८६ मध्येच स्थापन झाले होते. परंतु त्या काळच्या पशुवैद्यकाचे लक्ष साहजिकच घोडा व गुरे यांच्याकडे अधिक होते.

एकाच नावामुळे झालेला तोटा लहान नाही. ससा आपल्या परिचयाचा आहे, त्याला काय रुचते हे आपणांस ठाऊक आहे, असा समज या शब्दाबरोबर आपोआप येतो. ससा म्हणजे गाजर, हे समीकरण बालपुस्तकांनी व चित्रपटांनी दृढ केले. गवत मात्र त्या चित्रातून गळाले. त्याचे परिणाम पुढे दिसतील.

३

आता गोळ्याकडे वळू. पोटातील अशा गोळ्याला आधुनिक वैद्यकात ‘बेझोअर’ म्हणतात आणि तो केसांचा असल्यास ‘ट्रायकोबेझोअर’ म्हणतात. हा भारदस्त शब्द मुळात रोगाचे नाव नव्हता. तो औषधाचे नाव होता. मध्य फारसीतील ‘पादजहर’ हे त्याचे मूळ रूप. त्यातील ‘जहर’ मराठीला परिचितच आहे. ‘पाद’ या अंशाचा अर्थ विरोध वा रक्षण. विषापासून रक्षण करणारे ते पादजहर. अरबीतून हा शब्द युरोपच्या भाषांत गेला आणि पोर्तुगीजात ‘बेझार’ झाला. इराणातील रानबोकडाच्या जठरात सापडणारा गुळगुळीत खडा सर्व विषांवर उतारा आहे, अशी श्रद्धा या नावामागे होती.

या खड्याचे एक महत्त्वाचे वर्णन गोव्यात छापले गेले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा वैद्य या नात्याने निकटचा संबंध होता. भारतातील औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात प्रसिद्ध झाला आणि त्यातील एक संवाद बेझार खड्यावर आहे. खड्याच्या मध्यभागी एक बारीक काडी असते व तिच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थर चढत जातात, असे ओर्ता सांगतो. हे निरीक्षण अचूक आहे. न पचलेली काडी, बी वा केस यांभोवती क्षारांचे थर साचून असा खडा बनतो, ही आजचीही उपपत्ती आहे.

परंतु त्याच संवादात ओर्ताने दिलेली व्युत्पत्ती चुकीची आहे. त्या बोकडाला फारसीत ‘पाझन’ म्हणतात, त्यावरून खड्याला ‘पाझर’ हे नाव पडले, असे त्याचे म्हणणे. ध्वनिसाम्यावर विसंबून केलेली ही लोकव्युत्पत्ती होय. वस्तू डोळ्यांनी पाहताना ज्याची चूक झाली नाही, त्याची दोन शब्दांचा संबंध जोडताना झाली, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

खड्याच्या गुणाविषयीची श्रद्धाही अशीच जोडलेली होती. ओर्ताचा समकालीन फ्रेंच शल्यवैद्य अँब्रवाझ पारे याने तिची एक कठोर परीक्षा नोंदवून ठेवली आहे. राजा नववा शार्ल याच्याजवळ असा एक खडा होता. चांदीच्या वस्तू चोरल्याबद्दल देहांताची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याने फाशीऐवजी विष आणि त्यावर तो खडा घेण्याचे पत्करले. काही तासांच्या यातनांनंतर तो मरण पावला. एवढे होऊनही खड्यांचा व्यापार थांबला नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील जेझुइट धर्मबंधूंनी कृत्रिम खडे तयार करण्यास आरंभ केला. गास्पार आंतोनियो या बंधूचे नाव त्याशी निगडित आहे. शिंपले, अंबर, कस्तुरी, राळ इत्यादींचा लगदा करून त्यावर सोन्याचा वर्ख चढवीत. ‘गोव्याचे खडे’ या नावाने ते युरोपात खपले आणि सोन्याच्या जाळीदार डब्यांत ठेवले गेले. असे डबे आजही तेथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. मूळ वस्तू हरपली तरी तिचे नाव व नावाबरोबरची किंमत टिकून राहिली.

४

मराठी मुलखात हा धागा पनवेलपर्यंत येऊन पोहोचतो. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील या बंदराच्या गावी कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये ‘धूतपापेश्वर’ या शिवनामाने आयुर्वेदीय औषधनिर्मितीस आरंभ केला. वैद्याने आपल्या रोग्यापुरते औषध घोटावे, ही जुनी रीत मागे पडून शास्त्रोक्त औषधे मोठ्या प्रमाणावर करण्याच्या अगदी प्रारंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. ‘पनवेलची औषधे’ या शब्दप्रयोगाला महाराष्ट्रात जो अर्थ प्राप्त झाला, तो या परंपरेमुळे.

आयुर्वेदीय औषधिद्रव्यांत प्राण्याच्या शरीरात बनलेला एक खडा आहेच, तो म्हणजे गोरोचन. परंतु गोरोचन आणि बेझोअर यांची गल्लत करणे योग्य नव्हे. गोरोचन गाईच्या पित्ताशयात बनते, जठरात नव्हे. त्यात केस वा काडी असण्याचे कारण नाही. दुसरे द्रव्य ‘जहरमोहरा’. ‘जहर’ म्हणजे विष आणि ‘मोहरा’ म्हणजे मणी वा खडा. नावावरून तो पादजहराचाच भाऊ ठरतो. तथापि आज औषधी बाजारात जहरमोहरा म्हणून जे मिळते ते मॅग्नेशियमयुक्त हिरवट खनिज असते, आणि त्याचीच पिष्टी करतात. प्राण्याच्या पोटातून निघालेल्या वस्तूचे नाव अशा रीतीने डोंगरातून निघालेल्या वस्तूकडे गेले.

या परंपरेने वैद्यकाला दिलेली एक वैचारिक शिस्त मात्र येथे विशेष उपयोगी आहे. रोगज्ञानाची पाच साधने आयुर्वेद सांगतो : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. निदान म्हणजे कारण, रूप म्हणजे प्रकट झालेले लक्षण, आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग घडत जाण्याचा क्रम. जे रूप आहे त्याला निदान समजणे हा वैद्याचा दोष मानला जातो. सशाच्या केसगोळ्याच्या बाबतीत नेमके हेच घडले.

५

सशाच्या पचनाची रीत गाईहून वेगळी आणि घोड्याशी काहीशी जुळणारी आहे. त्याचे जठर साधे असते. आंबवण्याची क्रिया मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या पिशवीत, म्हणजे उंडुकात, होते. भरड तंतू आतडे पुढे ढकलून कोरड्या गोल लेंड्यांच्या रूपाने टाकून देते. बारीक व पोषक अंश मागे फिरून उंडुकात जातो. तेथे सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने त्याच्या मऊ, चकचकीत गोळ्या बनतात. ससा त्या गुदद्वारातूनच थेट तोंडात घेऊन गिळतो आणि त्यांतील प्रथिने व जीवनसत्त्वे दुसऱ्या खेपेस मिळवितो.

या मऊ गोळ्यांचे वर्णन मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ मध्ये केले, आणि त्यानेही आपल्या विषयाला ‘जठरातील गोळ्या’ असेच नाव दिले होते. ते लेखन पुढे विस्मृतीत गेले. १९३९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात माडसेन याने ससा रवंथ करतो काय, असा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा या विषयाकडे पुन्हा लक्ष वळले. म्हणजे सशाच्या जठरात गोळे असणे ही मुळात रोगाची नव्हे, आरोग्याची खूण असू शकते, हे ज्ञान उपलब्ध असूनही काही दशके ते उपयोगात आले नाही.

याच जठरात केसही सदैव असतात. ससा दिवसाचा बराच वेळ स्वतःचे अंग चाटतो व गिळलेले केस अन्नात मिसळतात. मांजराप्रमाणे तो ते ओकून टाकू शकत नाही, कारण सशाला वांती होतच नाही. तथापि आतड्यांची हालचाल चालू असेतो हे केस भरड तंतूंबरोबर पुढे सरकतात आणि लेंड्यांतून निघून जातात. ही हालचाल मुख्यत्वे न पचणाऱ्या भरड तंतूंच्या बळावर चालते. तंतू कमी झाले, प्राणी भ्याला, त्यास वेदना झाली, दात वाढून चावणे कठीण झाले, उन्हाने तो तापला वा पाणी कमी प्याला, की गती मंदावते. ती मंदावली की जठरातील द्रव शोषला जातो व उरलेले अन्न आणि केस यांचा नमद्यासारखा घट्ट गोळा बनतो. उंडुकात वायू धरतो, वेदना वाढते, वेदनेने प्राणी खाणे सोडतो आणि त्यामुळे गती आणखी मंदावते. ही संप्राप्ती होय. गोळा तिच्या शेवटाकडे येतो, आरंभी नव्हे.

६

विसाव्या शतकाच्या बऱ्याच भागात मात्र क्रम उलटा मानला गेला. लोकर देणाऱ्या अंगोरा जातीच्या पालकांना हा विकार परिचित होता आणि लांब केस हेच त्याचे मूळ, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. उपचारही तदनुसार होते : पोट फाडून गोळा काढणे, मांजरासाठी केलेले वंगणासारखे रेचक देणे, अथवा अननस वा पपईचा रस पाजणे. या फळांतील पाचक द्रव्ये मांस मऊ करतात, तेव्हा ती केसही विरघळवतील, अशी कल्पना होती. परंतु केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, त्यावर या द्रव्यांचा तसा परिणाम होत नाही. रस पाजल्यावर काही ससे सुधारले असतील, तर त्याचे श्रेय पोटात गेलेल्या पाण्याला देणे अधिक सयुक्तिक ठरते. उलट रसातील साखर उंडुकातील अपायकारक जंतूंना पोसते.

जुनी उपपत्ती डळमळली ती निरोगी सशांच्या तपासणीमुळे. रोगाचे कोणतेही लक्षण नसलेल्या प्रयोगशाळेतील सशांच्या जठरांतही केसांचे गोळे आढळले. अन्वय-व्यतिरेकाच्या भाषेत सांगावयाचे, तर गोळा असूनही रोग नाही असा व्यभिचार दिसला, आणि कारणत्वाचा दावा तेथेच सैल झाला. गेल्या काही दशकांत पशुवैद्यकाने ‘केसगोळा’ हे रोगनाम बहुतांशी सोडून ‘आतड्यांची गती मंदावणे’ या अर्थाची संज्ञा स्वीकारली आहे.

याचा अर्थ केस कधीच अपाय करीत नाहीत, असा घेणे मात्र दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. ब्रिटिश पशुवैद्य फ्रान्सेस हार्कोर्ट-ब्राउन यांनी २००७ मध्ये जठर फुगण्याच्या व आतडे अडण्याच्या ७६ सशांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत दाबून घट्ट झालेल्या केसांची लहान गुठळी लहान आतड्यात अडकणे हे अडथळ्याचे एक प्रमुख कारण दिसून आले. ही स्थिती निराळी आहे. ती एकाएकी येते, पोट ताठ व फुगलेले असते आणि काही तासांत प्राण जाऊ शकतो. जठरातील मोठा गोळा बहुधा परिणाम असतो. आतड्यातील लहान गुठळी खरोखर कारण असू शकते. दोहोंना ‘केसगोळा’ या एकाच शब्दाने संबोधल्यामुळे हा भेद लोपतो, आणि उपचाराची दिशाच चुकते. कारण पहिल्या स्थितीत पिचकारीने पातळ अन्न भरविणे हितकर असते, तर दुसऱ्या स्थितीत तेच घातक ठरते.

७

या इतिहासाचा व्यवहारातील निष्कर्ष असा. ससा दहाबारा तास काही खात नसेल वा लेंड्या टाकत नसेल, तर ती तातडीची अवस्था समजावी. घरी रस पाजत वाट पाहू नये. पोट चाचपून व क्ष-किरणचित्र काढून अडथळा आहे की नाही हे पशुवैद्य ठरवितो. अडथळा नसल्यास द्रवपदार्थ, वेदनाशमन, ऊब आणि भरविणे हे उपचाराचे आधार असतात. माणसाच्या वा कुत्र्याच्या औषधांतील पेनिसिलिन वर्गाचे प्रतिजैविक सशाला तोंडाने कदापि देऊ नये. उंडुकातील उपकारक जंतू नष्ट होऊन ते प्राणघातक ठरते.

प्रतिबंध त्याहून सोपा आहे. आहाराचा बहुतांश भाग गवत व वाळलेले गवत हाच असावा. हिरवा पाला त्याला जोड म्हणून द्यावा. गाजर व फळ क्वचित आणि अल्प. लसूणघास प्रथिने व कॅल्शियम यांनी समृद्ध असल्याने वाढत्या पिलांना ठीक, पूर्ण वाढलेल्या सशाचे मुख्य अन्न म्हणून नव्हे. पनवेलसारख्या ठिकाणी दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत साठविलेल्या गवताला बुरशी धरते, म्हणून ते उंचावर व कोरडे ठेवावे आणि कुबट वास आल्यास टाकून द्यावे. तसेच एप्रिल-मे महिन्यांतील दमट उकाडा या थंड हवेच्या प्राण्यास सोसत नाही. तेव्हा सावली, वारा व भरपूर पाणी हेच औषध होय. केस गळण्याच्या दिवसांत अंग विंचरणे हितकर आहे, परंतु ते गवताची जागा घेऊ शकत नाही.

२०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. ज्या गावाने दीडशे वर्षांपूर्वी औषधनिर्मितीस नवे वळण दिले, तेथील सदनिकांत आयबेरियातून आलेल्या जातीचा ससा आज ‘ससा’ याच जुन्या नावाने वाढतो. भारतातील रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून तो पाळता येत नाही. म्हणजे नावाने एक असलेले हे दोन प्राणी कायद्यानेही निराळे मानले आहेत. पोटातील गोळ्याला कोणी विषाचा उतारा म्हटले, कोणी मृत्यूचे कारण म्हटले. दोन्ही वेळा वस्तू समोर होती आणि संबंध कल्पिलेला होता. नैयायिकांनी शशशृंगाविषयी जे सांगितले, ते सशाच्या पोटाविषयीही ध्यानात ठेवले, तर काही मुक्या जिवांचे मरण टळू शकेल.